फोटोला हात न लावता: महिलांच्या छायाचित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातून निघणाऱ्या आमच्या दिवाळी अंकात महिलांचे फोटो रिटचिंग न करता छापले जातात. फोटो देणाऱ्या बायका, त्यांच्या घरची माणसं, फोटोग्राफर, जाहिरातदार आणि छापखाना अशा सगळ्यांकडून साधारण तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

‘रिटचिंग नाही’ म्हणजे नेमकं काय करत नाही?

आकार बदलत नाही आणि पोत बदलत नाही. कंबर आत घेणं, दंड बारीक करणं, जबडा कोरणं, डोळे मोठे करणं, मान लांबवणं हे सगळं आकारात आलं. त्वचा गुळगुळीत करणं, सुरकुत्या, डाग, लव, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसणं हे पोतात आलं. चेहऱ्यापुरता रंग उजळ करणं यालाही आम्ही रिटचिंगच म्हणतो.

चालतं ते असं: संपूर्ण फ्रेमचा उजेड कमी-जास्त करणं, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा तोल) दुरुस्त करणं, फोटो सरळ करणं, कडा कापणं, कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काढणं. जो बदल भिंतीलाही होतो आणि बाईलाही होतो तो चालेल. फक्त बाईला होतो तो चालणार नाही. कामाला बसलेल्या ऑपरेटरला एवढा एकच नियम सांगितला तरी पुरतो.

पिंपल तरी काढा की. चार दिवसांनी तो तसाही जाणार आहे.

हा सगळ्यात वाजवी हट्ट आहे आणि बरीच मासिकं तो मान्य करतात. तात्पुरतं असेल ते काढायचं, कायमचं असेल ते ठेवायचं, असा त्यांचा नियम. कागदावर तो छान दिसतो, पण स्क्रीनसमोर बसलं की घोटाळा सुरू होतो. पिंपल तात्पुरता, मग त्याचा मागे राहिलेला काळा डाग? जागरणाची वर्तुळं? बाळंतपणानंतरचं पोट? पिंपल काढला की शेजारचा डाग जास्त उठून दिसतो, तो काढला की कपाळाची आठी दिसते. एका चेहऱ्यावर दोन मिनिटांचं काम म्हणून बसलेला माणूस अर्ध्या तासाने उठतो. म्हणून ब्रश हातातच घ्यायचा नाही, हे आम्हाला जास्त सोपं वाटतं. फोटोच्या दिवशी चेहऱ्यावर मोठं काही उठलं असेल आणि तुम्हाला नको असेल, तर तारीख पुढे घेऊ.

रिटचिंग नको म्हणणं हे परदेशी खूळ आहे का?

रिटचिंग आपल्याकडे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून आहे. चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या या गावात फोटो आणि ब्रश यांची जुनी सोयरीक. काचेच्या आणि नंतर फिल्मच्या निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने बारीक ठिपके देऊन सुरकुत्या भरायच्या, नको ती कड पात्याने खरवडायची, मग काळ्यापांढऱ्या प्रिंटवर गाल आणि ओठ रंगवायचे, हे स्टुडिओतलं रोजचं काम होतं. मासिकांच्या मुखपृष्ठांवर तर बरेचदा फोटोच नसायचे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांतल्या बायका अनेक वर्षं घराघरांत पोचल्या. पण ते चित्र आहे हे बघणाऱ्याला ठाऊक असायचं. अडचण फोटोची आहे, कारण फोटो ‘खरा’ म्हणून बघितला जातो.

कॉम्प्युटरवर हे काम सोपं झालं ते २००० नंतर. त्या वर्षीच्या फोटोशॉप ६ मध्ये ‘लिक्विफाय’ आलं, ज्याने शरीर ढकलून बारीक करता येतं. २००२ च्या फोटोशॉप ७ मध्ये ‘हीलिंग ब्रश’ आला, ज्याने डाग एका टिचकीत जातो. पाठोपाठ तक्रारीही सुरू झाल्या. २००३ मध्ये ब्रिटनच्या ‘जीक्यू’च्या मुखपृष्ठावर आपले पाय परस्पर बारीक केल्याचं अभिनेत्री केट विन्स्लेटने जाहीरपणे सांगितलं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ‘रेडबुक’चं मुखपृष्ठ आणि त्यामागचा गायिका फेथ हिलचा मूळ फोटो शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले. २००९ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या ‘एल’ने छायाचित्रकार पीटर लिंडबर्गकडून नट्या आणि मॉडेल यांचे मेकअप आणि रिटचिंगशिवायचे फोटो काढून घेतले. २०१२ मध्ये जुलिया ब्लूम या चौदा वर्षांच्या मुलीने ‘सेव्हन्टीन’ मासिकाकडे महिन्याला निदान एक तरी रिटच न केलेला फोटो छापा अशी मागणी केली. तिच्या अर्जाला ऐंशी हजारांवर सह्या मिळाल्या आणि मुलींच्या शरीराचा किंवा चेहऱ्याचा आकार बदलणार नाही असं मासिकाला लिहून द्यावं लागलं.

मग फोटोखाली ‘हा फोटो रिटच केलेला आहे’ अशी ओळ टाकली तर पुरे नाही का?

काही देशांनी तो रस्ता धरला. इस्रायलने २०१२ मध्ये कायदा केला. त्यात जाहिरातीतल्या मॉडेलसाठी १८.५ ही किमान बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची) अट आहे, आणि फोटोत बारीक केलेल्या शरीराची नोंद करणं सक्तीचं आहे. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलची अंगकाठी बदललेल्या जाहिरातीवर तसं लिहावं लागतं. नाही लिहिलं तर ३७,५०० युरो किंवा जाहिरातीच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत दंड. नॉर्वेत १ जुलै २०२२ पासून अशीच सक्ती आहे आणि ती पैसे घेऊन समाजमाध्यमांवर जाहिरात करणाऱ्यांनाही लागू होते. भारतात छापील मासिकांना अशी सक्ती नाही.

पण ओळीचा उपयोग कितपत होतो? ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात मारिका टिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अनेक प्रयोग केले. अशी ओळ वाचूनही स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी कमी होत नाही, असंच त्यातून बहुतेक वेळा दिसलं. कंबर खोटी आहे असं वाचल्यावर नजर आधी कंबरेकडेच जाते. त्यामुळे लेबलावर आमचा फारसा भरवसा नाही.

रिटच न केलेले फोटो बघून बायकांना खरंच बरं वाटतं?

थोडं, आणि सगळ्यांना सारखं नाही. जाहिरातीसारखा दावा आम्ही करणार नाही.

एवढं नक्की की बारीक, गुळगुळीत शरीरं सतत बघितल्याचा परिणाम होतो. २००८ मध्ये ७७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात अशी चित्रं बघणं आणि स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी यांचा संबंध दिसला. परिणाम मध्यम किंवा लहान, पण सातत्याने दिसणारा. फिजीतलं उदाहरण तर नेहमी दिलं जातं. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अंगाने भरलेली बाई सुंदर मानणारा हा समाज. तिथे वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या शाळकरी मुलींचं प्रमाण १९९५ मध्ये शून्य होतं, ते १९९८ मध्ये ११.३ टक्के झालं. हा अभ्यास हार्वर्डच्या ॲन बेकर यांचा. दोन्ही वेळच्या गटांत साठ-पासष्टच मुली होत्या, हेही सांगायला हवं.

उलट बाजूचा पुरावा कमी आहे. सर्व प्रकारची शरीरं दाखवणारी छायाचित्रं बघून लगेच मन हलकं होतं, असं २०१९ च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात दिसलं. त्याच प्रयोगात हेही दिसलं की बघणाऱ्या बायका स्वतःचा विचार दिसण्याच्याच भाषेत करत राहिल्या. आम्हाला हा मुद्दा मोठा वाटतो. पोट दाखवण्यासाठी पोटाचा फोटो काढला, तर तो कितीही खरा असला तरी बोलणं पोटावरच थांबतं. म्हणून अंकातली बाई काहीतरी करत असते: शिंगणापूरच्या रस्त्यावर उसाचं वाढं वाहणारी, कपिलतीर्थ मार्केटात भाजी तोलणारी, तालमीत लंगडी घालणारी, कोर्टात काळा कोट घालून फाइल चाळणारी. पोट असतंच, फोटोचा विषय मात्र पोट नसतो.

माझं पोट दिसतंय हो. उभं राहताना आत घेऊ का?

घ्या की, कोण अडवतंय. पण श्वास रोखला की खांदे वर चढतात, मानेच्या शिरा ताणतात आणि चेहऱ्यावर पासपोर्टच्या फोटोतला भाव येतो. आम्ही बहुतेक वेळा बोलत बोलत फोटो काढतो, त्यामुळे पाचव्या-सहाव्या फ्रेमपर्यंत पोट आपोआप आपल्या जागी येतं.

फोटो चांगला यावा म्हणून रिटचिंगऐवजी काय करता?

अंतर, उंची आणि उजेड सांभाळतो. बहुतेक बायकांना आपण ‘फोटोत वाईट येतो’ असं वाटतं, त्यामागे यातलंच काहीतरी चुकलेलं असतं.

आधी अंतर. सेल्फी काढताना मोबाईल बरेचदा चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर असतो. नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरंच जवळ पडतं, म्हणून ते फुगलेलं दिसतं आणि कान मागे जातात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणिती मॉडेल मांडून दाखवलं, की पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत १२ इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. सेल्फी दाखवून नाकाचं ऑपरेशन मागणारे लोक वाढले म्हणून त्यांनी हा हिशोब केला. आम्ही चेहऱ्याचा फोटो सहा ते आठ फुटांवरून, ८५ किंवा १०५ मिलिमीटर लेन्सने घेतो. क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल तर ५० ची साधी लेन्स पुरते. लेन्सचा आकडा चौकट ठरवतो, चेहऱ्याचा तोल अंतर ठरवतं.

मग उंची. चेहऱ्यासाठी कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत. पूर्ण उभ्या फोटोसाठी बेंबीच्या आसपास, आणि फोटोग्राफर दहा-बारा फूट मागे. गुडघ्यावर बसून खालून फोटो काढला की पाय लांब दिसतात, फॅशनच्या पानांवरचे पाय बरेचदा असेच वाढलेले असतात. खुर्चीवर चढून वरून काढला की डोकं मोठं आणि पाय आखूड. दोन्ही फोटो रिटच न केलेलेच, आणि दोन्ही खोटे.

ग्रुप फोटोत अगदी कडेला उभी असलेली बाई नेहमी तक्रार करते की मी जाड आले. तिचं बरोबर असतं. मोबाईलची वाइड लेन्स कडेच्या गोष्टी आडव्या ताणते. दोन्ही बाजूंना फ्रेमचा सहावा हिस्सा मोकळा सोडा आणि चार पावलं मागे जा, तक्रार संपते.

उजेडाचं काय? स्टुडिओतल्या लायटिंगशिवाय चेहरा काळवंडतो.

घराला सोपा (पुढची खोली) असेल तर स्टुडिओ लागत नाही. उंबऱ्यापासून चार-पाच फूट आत, दाराकडे तोंड करून थोडं तिरकं उभं राहायचं. दारातून येणारा उजेड मऊ असतो. दुसऱ्या बाजूच्या गालाला थर्माकोलचा पांढरा तुकडा दोन-तीन फुटांवर धरायचा, म्हणजे सावली मरत नाही पण निवळते. भर दुपारी बाराला अंगणात नको, डोळ्यांच्या खोबण्यांत अंधार पडतो. घरातली ट्यूब चालू असेल तर बंद करा. ती दाराच्या उजेडात मिसळली की त्वचेवर हिरवट छटा येते, आणि ती एकाच गालावर आल्यामुळे नंतर निघत नाही.

रिंग लाइट आम्ही वापरत नाही. कॅमेऱ्याच्या भोवतीनेच उजेड आला की त्वचेवरचा सगळा चढउतार पुसला जातो, म्हणजे रिटचिंगच, फक्त आधी केलेलं. उलट अगदी बाजूने कडक उजेड टाकला की प्रत्येक रंध्राला सावली पडते. ‘खरं’ दाखवायच्या नादात काही फोटोग्राफर हे करतात. तो बाईवर अन्याय आहे.

सावळा रंग फोटोत कधी फार काळा तर कधी गोरा येतो. असं का?

कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. मागे पांढरी भिंत असेल तर ते म्हणतं उजेड फार झाला, आणि सगळं काळं करतं, त्यात चेहराही जातो. मागे काळा पडदा असेल तर उलट, चेहरा धुतल्यासारखा उजळतो. एकच बाई, एकच दिवस, दोन रंग. उपाय जुनाच आहे: पहिल्या फ्रेममध्ये चेहऱ्याशेजारी १८ टक्के करड्या रंगाचं कार्ड धरायचं, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स त्यावर ठरवायचे आणि मग मॅन्युअलवर ठेवून बाकीचे फोटो काढायचे. पावसाळ्यातला ढगाळ उजेड निळसर असतो, कार्डाशिवाय त्यात गव्हाळ चेहरा आजारी दिसतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने बदल न केलेली मूळ फाइल) ठेवा, कारण कॅमेऱ्यातल्या जेपेगमध्ये कंपनीने ठरवलेला कॉन्ट्रास्ट आणि गुळगुळीतपणा आधीच घातलेला असतो.

प्रिंट लॅबला देताना ‘करेक्शन नको’ असं पाकिटावर लिहून द्या आणि तोंडीही सांगा. बऱ्याच लॅबमधलं मशीन चेहरा ओळखून आपणहून उजळ करतं. ऑपरेटरला तर ती सेवाच वाटते.

रिटचिंग करणारा सहसा काय पुसतो, जे तुम्ही ठेवता?

हे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण ऑपरेटरच्या नजरेला जो डाग असतो तो बऱ्याचदा त्या बाईच्या आयुष्याचा हिशोब असतो.

गोंदण. जुन्या बायकांच्या कपाळावरचे, हनुवटीवरचे हिरवट ठिपके वयाबरोबर पसरून निळसर धुरकट होतात. सॉफ्टवेअरला ते डाग वाटतात आणि ‘ऑटो’ दाबलं की निघून जातात. हातावर गोंदलेलं नावही अर्धवट पुसलेलं आम्ही बघितलं आहे.

कानाची पाळी. वर्षानुवर्षं वजनदार दागिने घालून भोक लांबट चिरीसारखं होतं. ते बुजवायची फर्माईश नेहमीची.

टिकलीच्या जागेचा पांढरा ठिपका. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने तिथला रंगच जातो. मोठी टिकली लावून तो झाकता येतो, पण त्याच गोंदाने तो आणखी पसरतो. असा ठिपका असेल तर टिकली बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. हळद-कुंकू चालतं का, हेही त्यांनाच विचारा.

परकराच्या नाडीचा काच. कमरेवरची काळी, कडक रेघ. साडी नेसणाऱ्या बहुतेक बायकांना असते आणि साडीच्या जाहिरातीतल्या एकीलाही नसते.

वांग. गालांवरचे तपकिरी पट्टे, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू असताना येतात, उन्हाने गडद होतात.

पोटावरचे, मांड्यांवरचे पांढरट किंवा जांभळट ओरखडे. त्वचा वेगाने ताणली गेली की तिचा आतला थर फाटतो, त्याची ही खूण. गरोदरपणात निम्म्याहून जास्त बायकांना येतात, वयात येणाऱ्या मुलींनाही येतात. तेल चोळून जात नाहीत, काळानुसार फिके पडतात.

मानेवरचा मखमली काळेपणा. इथे थांबून बघा. घासून न निघणारा, जाडसर काळा पट्टा मानेमागे किंवा काखेत असेल तर तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. साखर तपासून घ्यायला हवी. फोटोत तो पुसला की बघणाऱ्या चार जणींचाही इशारा पुसला जातो.

मेकअप चालतो का? की तोही खोटा?

चालतो. तुम्ही रोज जेवढा करता तेवढा करा. लग्नाला करता तेवढा केलात तर फोटोखाली ‘समारंभातला’ असं लिहू. एक व्यावहारिक सूचना: पांढरट चमक असलेली किंवा सन्सक्रीन मिसळलेली पावडर फ्लॅशमध्ये उजेड परत फेकते, चेहरा पांढरा आणि मान सावळी येते. फोटोच्या दिवशी ती टाळा.

मोबाईलवर काढलेला फोटो पाठवला तर?

पाठवा, पण आधी एवढं करा. कॅमेऱ्यात ब्यूटी, स्किन स्मूद, फेस स्लिम अशा नावाच्या सगळ्या पट्ट्या शून्यावर आणा. पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्यासाठी त्या वेगवेगळ्या असतात, आणि काही फोनमध्ये ॲप बंद करून उघडलं की परत चालू होतात. लेन्स सुती कापडाने पुसा. बोटांचं तेल लागलेली लेन्स हा सगळ्यात स्वस्त फिल्टर आहे. दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा, मागच्या कॅमेऱ्याने, दोनपट झूमवर, सहा फुटांवरून. पोर्ट्रेट मोड आणि नाइट मोड नको. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल इतकी दबते की लव, रंध्रं सगळी लादीसारखी सपाट होतात.

फोटो खरा आहे का हे आम्ही मोठा करून बघतो. भुवईचा एकेक केस सुटा दिसला पाहिजे, खालच्या पापणीखालच्या बारीक रेषा दिसल्या पाहिजेत. कमरेशेजारची फरशीची रेघ किंवा दाराची चौकट वाकलेली असेल तर कंबर ढकललेली आहे. हातांवर शिरा आणि चेहऱ्यावर एकही रेष नाही, असा फोटो परत येतो.

छापून आल्यावर चेहरे काळपट का दिसतात? तेव्हा तरी उजळ करायला हवं ना?

शाईचा ठिपका कागदावर पसरतो. आर्ट पेपरवर कमी, साध्या मॅपलिथोवर जास्त: ५० टक्क्यांचा ठिपका छापून ६५-७० टक्क्यांसारखा दिसतो. त्यामुळे डोळ्यांखाली, हनुवटीखाली आणि वरच्या ओठावर आधी काळोख जमतो. म्हणून संपूर्ण फोटोला त्या कागदाचं प्रोफाइल लावून मधले टोन उचलतो, भिंतीसकट. हे रिटचिंग नाही, ठिपका किती पसरणार याची भरपाई आहे. प्रूफ (नमुन्याची छपाई) त्याच कागदावर काढून बघितल्याशिवाय छपाईची प्लेट करू नये.

ऑपरेटरने काय करू नये तेही सांगतो. ‘जरा गोरं करतो’ म्हणत तो सायन (छपाईची निळसर शाई) कमी करतो, आणि चेहरा नारिंगी होतो. आपल्याकडच्या त्वचेच्या छपाईत पिवळी शाई मॅजेंटापेक्षा (गुलाबी शाईपेक्षा) थोडी जास्त असते आणि सायन मॅजेंटाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. मॅजेंटा पुढे गेला की गव्हाळ बाई गुलाबी होते, सायन खाली गेला की गाजरासारखी.

फोटोखाली काय लिहिता?

नाव, काम, गाव. ‘धाडसी’, ‘बिनधास्त’, ‘जशी आहे तशी’ असले शब्द वापरत नाही. पोट असणं हे धाडस नाही. वजन, माप आणि वय विचारत नाही, तुम्ही आपणहून वय सांगितलंत तर छापतो. आणि डोकं कापून नुसत्या पोटाचा किंवा मांड्यांचा फोटो कधीच नाही.

पुरुषांच्या फोटोंना हाच नियम?

हो. ढेरी आणि टक्कल दोन्ही राहतात. तक्रारी बायकांपेक्षा जास्त येतात.

जाहिरातींचे फोटो तर गुळगुळीत असतात. त्याचं काय?

खरं आहे, आणि याचं पूर्ण उत्तर आमच्याकडे नाही. जाहिरातीशिवाय दिवाळी अंक निघत नाही. आमच्याकडे तयार होणाऱ्या जाहिराती, म्हणजे गुजरीतले सराफ, महाद्वार रोडवरची साडीची दुकानं, यांचे फोटो याच नियमाने काढतो, आणि सराफांना ते पटतंही, कारण दागिना खऱ्या मानेवरच खरा बसतो. बाहेरून तयार होऊन येणाऱ्या जाहिराती बदलता येत नाहीत. त्यात सावळी मुलगी दुःखी आणि गोरी झाल्यावर यशस्वी असं काही असेल तर घेत नाही. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेनेही २०१४ मध्ये अशा चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये आली आणि तिच्या नावातला ‘फेअर’ २०२० मध्ये गेला. पंचेचाळीस वर्षं लागली.

स्थळासाठी फोटो काढायचा आहे. तिथेही रिटचिंग नको म्हणता?

तिथे तर नकोच. पाहण्याच्या कार्यक्रमात समोरच्या पाच माणसांची नजर आधी फोटो आणि मुलगी यांतला फरक शोधते, आणि मग तो फरक मुलीचा दोष ठरतो. मऊ उजेडात, सात फुटांवरून काढलेला, रंग न बदललेला एक चेहऱ्याचा आणि एक उभा, असे दोन फोटो पुरेत. स्टुडिओत आधीच सांगा की फाइल ‘प्लेन’ हवी, आणि प्रिंटबरोबर मूळ फाइलही मागून घ्या.

मुलगी सारखी फोटो एडिट करते, जेवण कमी केलंय. काळजी करण्यासारखं आहे का?

नुसतं एडिट करणं हे आता सगळ्यांचंच आहे. पण जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणं, ताटातलं लपवणं, पाळी थांबणं, थंडी सहन न होणं, चक्कर, झपाट्याने उतरलेलं वजन, आरसा सोडवत नसणं किंवा आरसा अजिबात टाळणं, यांतलं काही दिसलं तर थांबू नका. ‘किती बारीक झालीस’ किंवा ‘जरा अंग धर’ यातलं काहीच बोलू नका, दोन्हींनी ती वजनाच्या विचारात आणखी अडकते. आधी घरच्या डॉक्टरांकडे, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे. सरकारी दवाखाना हवा असेल तर कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) आहे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

फोटोवर हक्क कोणाचा?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क तुमचा. फोटोग्राफरने आपल्या मनाने काढला असेल तर त्याचा. अंकासाठीचे फोटो काढण्याआधी आम्ही एका पानावर सही घेतो: कुठला फोटो, कुठल्या अंकात, खालची ओळ काय, ई-अंकात आणि समाजमाध्यमांवर वापरायचा की नाही. शेवटच्या दोन गोष्टींसाठी वेगळी खूण करायची असते, ती केली नाही तर फोटो फक्त कागदावर येतो. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी पालकांची सही लागते, आणि मुलीची स्वतःचीही हवी असा आमचा आग्रह असतो.

निवड कोण करतं? आणि नंतर मत बदललं तर?

काढलेल्या फोटोंतून आम्ही सहा-सात बाजूला काढतो, त्यातला एक तुम्ही निवडता. नवरा, सासू किंवा लेक शेजारी बसून निवडणार असेल तर हरकत नाही, पण शेवटचं बोट तुमचं. प्लेट तयार होईपर्यंत कधीही नाही म्हणता येतं, त्याचं कारण आम्ही विचारत नाही. प्लेट झाल्यावर सांगितलंत तर ई-अंकातून आणि समाजमाध्यमांवरून फोटो काढू, छापील प्रती परत आणता येत नाहीत. म्हणून प्रूफ आलं की त्याचा फोटो तुम्हाला पाठवतो. तो मोबाईलच्या स्क्रीनवर उजळ दिसतो, कागदावर थोडा गडद असतो. जमलं तर छापखान्यात येऊन कागदच बघा.